अधिक चार

एकतीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
दुसऱ्यांचे पैसे मोजले.
थप्पी अंगठ्याखालून सरसरत जायची
आणि मध्ये एखादी नोट वाकडी छापलेली असली
तर बोट आपोआप थांबायचं, डोळ्यांच्या आधी.
त्या बोटाच्या भरवशावर
गंगापूर धरणाच्या अलीकडे, एका शनिवारी रात्री,
बोरस्त्यांच्या फार्महाऊसवर
मी एकवीसच्या टेबलाशी बसलो.

वाटणारी पोरगी ओझरची. नीलाक्षी गांगुर्डे.
सहा वर्षं गोव्याला बोटीवर पत्ते वाटून आलेली.
तिचं मनगट हलताना दिसत नाही,
पान आलेलं दिसतं.
दिसलं म्हणेपर्यंत ते गेलेलं असतं.

हिशेब तसा बालवाडीतला.
दुर्रीपासून छक्कीपर्यंत एक मिळवा.
सत्ती, अठ्ठी, नव्वी मुक्या.
दश्शी, चित्रं, एक्का: एक वजा.
मग उरलेल्या कॅटांनी भागा,
तेही ती पुढचं पान काढायच्या आत.
घरी ओट्यावर सहा कॅट मांडून मी महिनाभर घोकलं.
बायको म्हणाली, रिटायर माणसं जप करतात,
तुम्ही हे काय पुटपुटता?

पहिल्या रात्री बदामची राणी मोजेपर्यंत
तिच्यामागून तीन पानं पडली.
मी अधिक दोनवर होतो की उणे दोनवर
हे विचारायचं कुणाला?
चार हजार गेले.

दुसऱ्या शनिवारी म्हातारपण कामाला लावलं.
चष्मा पुसला. सुपारी सांडली, वेचली.
सतरा ढळढळीत दिसत असताना विचारलं,
"किती झाले गं माझे?"
ती बेरीज सांगायची, न चिडता,
आणि तेवढ्या श्वासात मी
मागे सुटलेली पानं गोळा करायचो.
शेजारचे खतवाले आथरे मात्र चिडले.

मग उमगलं, एकेकटं पान मोजायचंच नाही.
राणीच्या गळ्यात पंजी बांधायची, विषय संपला.
राजा-तिर्री, एक्का-चव्वी,
लावून टाका लग्नं, काढा मांडवाबाहेर.
बिनलग्नाची उरतील तेवढीच मोजा.
थप्पीतल्या चांगल्या नोटा तरी आम्ही
कुठे बघायचो?

तिसऱ्या शनिवारी मी तिच्या हाताला हात लावून चाललो
आणि तेव्हा दिसलं:
आकडा वर चढला की
तिचं मनगट आणखी घाई करतं,
उण्यात उतरला की सैलावतं.
म्हणजे तीही मोजत होती.
मालकासाठी, की माझ्यासारखीच खोड, कोण जाणे.
टेबलाच्या दोन्ही अंगांना एकच आकडा
आणि मध्ये हिरवं बनात.

मी मोजणं सोडलं. फक्त मनगट बघितलं.
घाई झाली की पाच तुकडे, सैल झालं की एक.
सहा हजार आले,
आयुष्यात पहिल्यांदा न मोजता.

पेटी संपत आली तेव्हा
तिनं हात हळू केला. इतका हळू
की सरकत्या पानाच्या पाठीवरची वेलबुट्टी दिसली.
मी शंभराचा एकच तुकडा ठेवला.
इस्पिकचा एक्का आला.
त्यावर किलवरचा राजा, तसाच, सावकाश,
लग्नातला अहेर ठेवावा तसा.

दीडशे पुढे सरकवत ती म्हणाली,
"किती झाले काका तुमचे?"
आथरे हसले. मीही हसलो, जरा उशिरा.

पहाटे द्वारका ओलांडून स्कूटर नाशिकरोडकडे.
प्रेसच्या भिंतीशी आलो तेव्हा कळलं,
मी सोडलं होतं, बोटानं सोडलं नव्हतं.
हँडलवर ते अजून धरून होतं: अधिक चार.
म्हणजे कापाच्या पिवळ्या पानामागे
चार मोठी पानं तशीच राहिली,
आणि तिनं पेटी बंद केली.